अंजनाबाईनं निवडलेला शिकंजा

लकडगंजातल्या एका आरा मशीनच्या आवारात सागाचा ओंडका घरंगळला आणि नत्थू मेश्रामचा उजवा पाय गुडघ्याखालून तुटला, तेव्हा त्याची मुलगी प्रेमिला अजून रांगत होती. हात शाबूत राहिले. पण नत्थू मूर्ती कोरणारा माणूस. जमिनीवर बसायचं, लाकूड दोन्ही पावलांत घट्ट धरायचं आणि मान खाली घालून पटाशी चालवायची, असं त्याला उस्तादानं शिकवलेलं. एका पावलात लाकूड राहीना. फिरायचं, निसटायचं. एकदा चिडून त्यानं ठोकणी भिंतीवर फेकली. त्याची बायको अंजना चुलीपाशी होती. ती उठली, त्याच्यासमोर पाट टाकून बसली आणि लाकूड दोन्ही हातांनी धरलं.

"मारा आता," ती म्हणाली.

तेव्हापासून तसंच चाललं. धम्मदीक्षेनंतर गावोगावी विहारं उभी राहत होती, घराघरातून बुद्धाच्या मूर्तीची मागणी यायची. नत्थू शिवणीच्या मऊ लाकडात मूर्ती कोरायचा आणि अंजना धरायची. ठोका कुठून येणार हे तिच्या हातांना आधीच कळायचं. कुठं रेलायचं, कधी सैल सोडायचं, हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. प्रेमिला मोठी झाली, लग्न होऊन कळमेश्वरला गेली, तरी समोरचा पाट तिथंच होता.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात अंजनाला दम लागायला लागला. पायांवर सूज आली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि नत्थूला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदयाची झडप खराब आहे, यांना जोराचं काम देऊ नका, दिवस फार नाहीत. नत्थूनं घरी येऊन तिला अर्धंच सांगितलं. तिनं पुरतं ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी पाटावर येऊन बसली.

दिवाळीच्या सुमारास एका मूर्तीचा खांदा कोरताना तिची पकड सुटली. लाकूड फिरलं आणि पटाशी तिच्या तळव्यात गेली. रक्त शिवणीच्या पांढुरक्या लाकडावर पडलं. नत्थू फडक्यानं हात बांधत होता, पण ती त्या डागाकडेच पाहत होती.

"हे आता निघनार नाई," ती म्हणाली. "लाकूड धराचा शिकंजा आनू आपन."

"आनू ना. काय घाई हाय?"

"काहून टाळून राहिले जी?"

नत्थू फडक्याची गाठ पुन्हा आवळू लागला. शिकंजा घरात आणायचा म्हणजे डॉक्टरचं म्हणणं खरं मानायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आठवडा गेला, तशी तिनंच रिक्षा बोलावली.

लोखंडी सामानाच्या दुकानात मालकानं पहिल्यांदा एक जाडजूड, काळा शिकंजा पुढं केला. त्याच्या जबड्यांना आतून दाते होते. "हा न्या, फिटर लोक हाच नेतात," तो म्हणाला. अंजनानं आपला बरा असलेला हात जबड्यात घातला.

"दांडी फिरवून कसा जी."

"वेडी झाली काय वं?"

"कसा म्हनते ना."

नत्थूनं दांडी थोडी फिरवली. तिनं हात काढला, तर तळव्याच्या कडेला दात्यांची रांग उठली होती. "हा लोखंड धराचा हाय. आपल्या शिवणीले चावते."

मग तिनं दुसरा निवडला. त्याचे जबडे रुंद, सपाट होते आणि आतून लाकडी फळ्या ठोकायला भोकं होती. तिनं त्याची दांडी पुन्हापुन्हा फिरवून पाहिली. कुठं अडकत नव्हती.

घरी नत्थूनं जाड फळीचं बाकडं बांधलं, स्टुलावर बसून काम करता येईल असं. शिकंजा मधोमध लावावा म्हणून त्यानं खूण केली, तर खाटेवरून अंजनाचा आवाज आला, "मधात नका लावू. ठोका मारला का फळी नाचन. बाकड्याच्या पायाजवळ लावा, खिडकीच्या अंगाले." त्यानं खूण पुसली. फळीच्या कडेला खाच पाडली, म्हणजे आतला जबडा कडेशी सपाट बसेल. जबड्यांना सागाच्या पट्ट्या लावल्या, त्यांवर चामडं डकवलं.

राहिले बोल्ट. वरून बोल्ट फिरवायचा, तर खालून कुणीतरी पान्यानं नट धरायला हवा. नत्थूला एका पायावर बाकड्याखाली शिरता येईना. शेजारच्या गिरिधरला हाक मारतो म्हणाला, तोवर अंजना खाटेवरून उतरून खाली सरपटत गेलीही होती.

"निघ बाहेर, अंजना."

"पयले बोल्ट कसा."

तो कसत राहिला. फळीखालून तिचा श्वास ऐकू येत होता, तुटक, शिट्टीसारखा. मधेच तो थांबला, की ती खालून पान्यानं ठकठक करायची. शेवटचा बोल्ट बसला तेव्हा ती आपल्या आपण बाहेर येऊ शकली नाही. नत्थू जमिनीवर बसला, तिच्या काखेत हात घालून तिला ओढलं आणि तशीच मांडीवर घेऊन बसला. केसांत भुसा अडकला होता. किती हलकी झाली आहे ती, हे त्याला तेव्हा कळलं.

त्या हिवाळ्यात पारशिवनीच्या विहाराची मोठी मूर्ती त्यानं शिकंज्यात धरली. लाकूड हलत नव्हतं. शिकंजा थकत नव्हता, पाणी मागत नव्हता. काम दुप्पट होऊ लागलं आणि त्याचीच नत्थूला लाज वाटायची.

"तुझ्यासारखं नाई धरत हा," एकदा तो म्हणाला. "सरकते."

"खोटं कायले बोलता जी? मी इथूनच पाहून राहिली." ती हसली आणि मग खोकत राहिली.

माघात, सकाळच्या उन्हात, ती गेली. नत्थू तेव्हा मूर्तीच्या कानाची पाळी कोरत होता. पाणी देऊ का म्हणून त्यानं विचारलं आणि उत्तर आलं नाही.

जलदान विधी झाला. पारशिवनीचे देवाजी, विहाराचे कारभारी, येऊन बसून गेले. मूर्तीची घाई नाही म्हणाले. मूर्ती शिकंज्यात तशीच होती. प्रेमिला बापाजवळ राहिली होती. "बाबा, मी धरू का?" तिनं विचारलं.

"धराचं काम नाई राहिलं, बेटा."

एका दुपारी तो स्टुलावर जाऊन बसला. मूर्तीचे डोळे तेवढे राहिले होते, अर्धवट मिटलेले. बारीक पटाशीनं त्यानं पापण्या काढल्या. हात ठीक चालला. मग तो थांबला आणि वाट पाहत राहिला. अंजना कधी चांगलं झालं म्हणत नसे. डावी पापणी जड झाली, ओठ रुसल्यासारखे दिसतात, असं काहीतरी ती काढायचीच, आणि ते बरोबर असायचं.

प्रेमिला चहा घेऊन आली. मूर्तीकडे पाहत उभी राहिली.

"किती सुंदर झाली बाबा."

"कुठं चुकलं असन तर सांग."

"काहीच नाई चुकलं."

नत्थूनं मान हलवली. चहा तसाच ठेवला आणि पुष्कळ वेळ एकटाच त्या चेहऱ्यात चूक शोधत बसला. त्याला ती सापडली नाही. दुसऱ्या दिवशी देवाजी बैलगाडी घेऊन आले आणि मूर्ती घेऊन गेले.