मिरगीचा दाखला

बाबांना कागद जपायची भारी हौस. तहसील कचेरीत शिपाई म्हणून लागले, कारकून म्हणून रिटायर झाले. कागदानंच आपलं घर वर आलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यात खोटं काही नाही, म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नाही.

मला मिरगी नाही, कधीच नव्हती. मला भीती येते. बार्शीटाकळीच्या शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरतेच असं वाटतं. सहा वर्षं हेच चाललंय. एका गोळीनं मळमळ, दुसरीनं दिवसभर झोप.

दोन वर्षांपूर्वी निवडणुकीची ड्युटी लागली. घबराटीचा दाखला बघून तिथले साहेब हसले. "मॅडम, घाबरतो तं आमीबी." मग बाबांनी ओळखीच्या डॉक्टरकडून मिरगीचा दाखला आणला आणि लगेच माझं नाव कटलं. खऱ्या दुखण्याला कोणी विचारत नव्हतं, खोट्याला शिक्का मिळाला. सुटले एकदाची, म्हणून मीही गप्प बसले.

यंदा अमरावतीच्या डॉक्टर जुईली यांनी एक मशीन सुचवलं. डोक्यावर बाहेरून चुंबकाचे ठोके द्यायचे. चिरफाड नाही, शॉक नाही, खुर्चीत जागं बसायचं, रोज वीसेक मिनिटं, महिनाभर. सगळ्यांना लागू पडत नाही, पण करून बघू, म्हणाल्या. मी उन्हाळ्याची सुट्टी धरली, पंचफुला आत्याकडे राहायची सोय केली. कितीतरी वर्षांनी मला एखाद्या गोष्टीची वाट बघावीशी वाटली.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी जुने कागद मागितले. मी तोंड उघडायच्या आत सोबत आलेल्या बाबांनी अख्खी फाईल टेबलावर ठेवली. तारखेवार लावलेली.

पानं उलटताना डॉक्टरांचा हात थांबला. "मिरगी आहे? मग हे मशीन नाही लावता येणार. झटका येऊ शकतो."

"तो दाखला खोटा आहे," मी म्हणाले.

"तसं लिहून द्या. मग तपासण्या करून ठरवू."

मी पेन उचललं. बाबांनी माझं मनगट धरलं. "लिवू नको, दीपे. नोकरी जाईन." मग माझ्याकडे न बघता ते डॉक्टरांना म्हणाले, "येते झटके, मॅडम. म्या सोता पायले हायेत."

मनगट सोडवून घेणं काही अवघड नव्हतं, सत्तरीचा माणूस तो. पण पेन मीच खाली ठेवलं. हे मी बाबांच्या माथी मारणार नाही.

त्याच दिवशी परत निघालो. अकोल्याच्या बसमध्ये, मूर्तिजापूरच्या पुढे, भीती आली. श्वास पुरेना, बोटं वाकडी झाली. पुढच्या सीटवर पंचायत समितीतले ओमप्रकाश बसले होते. माझं नाव ड्युटीतून कशानं कटलं, ते त्यांना ठाऊक होतं. ते मागे वळले.

"मिरगी आली का मॅडमले?"

मी मान हलवली, नाही म्हणून. पण सगळे बाबांकडे बघत होते.

"हाव," बाबा म्हणाले.

"मंग जोडा हुंगवा तिले," मागून कुणी बाई बोलली.

मी पूर्ण शुद्धीवर होते आणि बाबांना ते कळत होतं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी वाकून पायातली चप्पल काढली आणि माझ्या नाकाला लावली.