पावणेतेराला केसभर कमी

त्रिकोणाच्या दोन बाजूंचे धागे सरळ होते. तिसऱ्या, लांब बाजूचे सुटले होते. करड्या सुती कापडाचा तो तुकडा सोलवेगच्या शिलाई मशीनखाली पडला होता. ती आत कॉफी करत होती. मी तो उचलून टेबलावर पसरला. लांब कड काही सपाट बसेना, मध्येच लाट येऊन वर उठत होती.

मी पट्टी लावली. शिवणीत जाणारं कापड सोडून दोन्ही आखूड बाजू नऊ-नऊ इंच. लांब बाजू सव्वातेराच्याही पुढे गेली, आणि तसं असूच शकत नाही. तिरक्या धाग्यावर कापलेली कड हाताळली की ताणते. तिचं खरं माप पट्टी सांगत नाही, उरलेल्या दोन बाजूंवरून काढावं लागतं. नऊचा वर्ग एक्याऐंशी, दोन्ही मिळून एकशे बासष्ट. त्याचं वर्गमूळ पावणेतेराला केसभर कमी.

हा आकडा मीच सोलवेगला सांगितला होता. मार्चमध्ये, फोनवर.

"मार्विस, कडेचे त्रिकोण लाटा मारतायत गं," ती म्हणाली होती. मी समजावलं, छोटा चौकोन घेऊन एकाच कर्णावर कापू नकोस. लांब बाजूच्या मापाचा मोठा चौकोन घे, शिवणीसाठी थोडं जास्त धर आणि दोन्ही कर्णांवर काप. म्हणजे सरळ धागा गोधडीच्या बाहेरच्या कडेला येईल. कोणासाठी शिवतेस, विचारलं तर म्हणाली, नवऱ्याच्या, गॉर्डीच्या, भाचीच्या बाळासाठी.

सोलवेग माझी नणंद. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा अर्लिन, दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला, तेव्हापासून तो घटस्फोटाला माझी संमती मागत होता. मी देत नव्हते. कारण रविवारी चर्चमधून निघताना सोलवेग माझा दंड धरून म्हणायची, "थांब जरा. माझा भाऊ आहे तो, मला कळतं. परत येईल." डेअरीच्या प्रयोगशाळेत मी तपासल्याशिवाय दुधाचा एक कॅन पुढे जाऊ दिला नाही. हे वाक्य मात्र कधी तपासलं नाही.

ती कॉफी आणि रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या घेऊन आली. मागोमाग गॉर्डी, वड्यांच्या वासाने.

"बाळाची गोधडी दिलीस का गं?" मी विचारलं.

"केव्हाच."

"कुठली बाळाची?" गॉर्डीने वडी उचलली. "आतल्या पलंगावर आहे ती? तिच्यावर दोन माणसं आणि कुत्रा आरामात झोपतील!"

"गॉर्डी, तुझी कॉफी घे आणि बाहेर जा."

"मी काय केलं?"

"जा म्हटलं ना!"

तो गेला. मी आतल्या खोलीत गेले. सोलवेग मागून "अगं, ऐक तरी" म्हणत राहिली. गोधडी सुरेख झाली होती. मी उलटी केली. लग्नाच्या गोधडीवर आमच्या शिवण मंडळातल्या बायका मागच्या बाजूला आपापलं नाव भरतात. डोरीनचं होतं, बेटीचं, पाद्रीबाईंचं, सगळ्यांचं. मधोमध नवरानवरीची नावं: अर्लिन आणि कोलीन. दर गुरुवारी मी याच बायकांच्या शेजारी बसून टाके घालत होते.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"कोणाला तुझं वाईट नव्हतं करायचं."

"आणि तू मला थांब म्हणत होतीस."

ती पलंगाच्या काठावर बसली. "तू सही केलीस की संपलं ना सगळं. मग माझ्याकडे कशाला येशील? अर्लिन नाताळला येतो, कॉफी पितो, जातो. तू येतेस, मार्विस. मला तू हवी होतीस."

"म्हणून मला अडकवून ठेवलंस. आणि त्याच्या लग्नाच्या गोधडीचं माप माझ्याकडूनच काढून घेतलंस."

"दुसऱ्या कोणाला येत नाही गं," ती हळूच म्हणाली. "अगदी बरोबर बसलं. एक कड हलली नाही."

मला हसू आलं. तिने माझा दंड धरायला हात पुढे केला. मी बाजूला झाले. गोधडीची घडी घातली, टोकाला टोक जुळवून. तशी सवयच आहे हाताला.

"त्याला फोन लाव," मी म्हटलं.

"आत्ता? मार्विस, जरा शांत हो, रविवारी बोलू..."

"लाव."

तिने लावला. पलीकडे अर्लिनचा आवाज आला, "काय गं सोली?" मी तिच्या हातातून फोन घेतला.

"मार्विस बोलतेय," मी म्हणाले. "माझी संमती आहे, अर्लिन. उद्या सही करते."