सोळा जोड्यांचा ठसा

लसभांडारातला जुना सर्व्हर त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला, तेव्हा त्याचे दिवस भरले हे सगळ्यांनाच कळून चुकलं. अकरा वर्षं ते खोकं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बत्तीस दवाखान्यांची खबर ठेवत होतं. प्रत्येक दवाखान्यातल्या लसीच्या फ्रीजला एक छोटी डबी लावलेली होती. ती दर अर्ध्या तासाने या सर्व्हरला दुरून गाठायची आणि आतलं तापमान कळवायची. कुठे फ्रीज बिघडला, तर लस वाया जायच्या आत तिथल्या नर्सला फोन जायचा.

नवा सर्व्हर आला आणि तो बसवायचं काम ताईच्या गळ्यात पडलं. ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणत. सात वर्षं घर सांभाळून ती चार महिन्यांपूर्वी नोकरीला लागली होती. तिचे सासरे इथूनच निवृत्त झालेले. जुना सर्व्हर त्यांनीच उभा केला होता. त्यामुळे तिला वशिल्याने चिकटवलं अशी कुजबुज तिच्या कानावर यायची. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, कामातलं एक अक्षरही सासऱ्यांना विचारायचं नाही. तेही भांडून निवृत्त झालेले, घरात ऑफिसचा विषय काढत नसत.

अडचण किल्लीची होती. प्रत्येक सर्व्हरजवळ स्वतःची ओळख पटवायला एक गुप्त किल्ली असते, तिला होस्ट की म्हणतात. ती ओळख पटली तरच डबी तोंड उघडायची. नव्या सर्व्हरने स्वतःची वेगळी किल्ली पुढे केली असती, तर बत्तीसच्या बत्तीस डब्यांनी त्याला तोतया ठरवलं असतं. साहेबांचं म्हणणं, गाडी घ्या, एकेक दवाखाना गाठा आणि डब्यांना नवी ओळख शिकवा. तीन आठवड्यांचं काम.

“आणि तीन आठवडे फ्रीजकडे कोण बघणार?” ताईने विचारलं.  साहेबांनी तिला दुसरा मार्ग शोधायला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली.

जुनीच किल्ली नव्या यंत्रात नेली की काम झालं, हे तिला ठाऊक होतं. पण जुन्या सर्व्हरवरचा लॉगिनचा प्रोग्रॅम वेगळ्या जातीचा, छोट्या यंत्रांसाठी बनवलेला. त्याची किल्लीची फाइल ठेवायची रीतच निराळी. तिने फाइल नव्या सर्व्हरवर नेली, नाव बदललं, दोन-तीन खटपटी केल्या. दर वेळी एकच उत्तर: या फाइलचा फॉरमॅट ओळखता येत नाही. गुरुवारी दुपारपर्यंत तिने हात टेकले.

घरी सासरे खिडकीशी बसून रेडिओ दुरुस्त करत होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

“ऑफिसात काही बिनसलं का?” त्यांनीच विचारलं.

मग तिने सगळं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. आता कुणाकुणाचा उद्धार होतो म्हणून ती धास्तावली होती. पण त्यांनी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि चष्मा पुसला.

“नवा प्रोग्रॅम ती फाइल वाचणारच नाही. त्याला ती भाषाच येत नाही,” ते म्हणाले. “जुन्या प्रोग्रॅमबरोबर त्याचा दुभाषी मिळतो. किल्लीचं रूपांतर करणारा प्रोग्रॅम. तो नव्या यंत्रावर टाक. आधी कुठल्या फॉरमॅटमधून ते सांगायचं, मग कुठल्या फॉरमॅटमध्ये. उलटसुलट करू नकोस. आणि किल्ली ईमेलने पाठवायची नाही हं. पेन ड्राइव्हवर ने आणि काम झालं की पुसून टाक.”

“पण बाबा, किल्ली तीच राहिली हे कळणार कसं?”

ते उठून आत गेले आणि एक जुनी डायरी घेऊन आले. तिच्यात त्यांच्या ठसठशीत अक्षरात किल्लीचा ठसा, म्हणजे किल्लीवरून निघणारी तिची छोटी खूण, लिहिलेला होता, अंक-अक्षरांच्या सोळा जोड्या. किल्ली कुठल्याही फॉरमॅटमध्ये असो, ठसा हाच निघायला हवा.

“हे तुम्ही इतकी वर्षं जपून ठेवलंत?”

“भांडण साहेबांशी होतं. दवाखान्यांशी थोडंच होतं?”

शुक्रवारी सकाळी ताईने दुभाषी कामाला लावला. निमिषात नवी फाइल तयार झाली. तिने सासऱ्यांना फोन लावला आणि पडद्यावरचा ठसा एकेक जोडी करत वाचला. पलीकडून ते नुसतं हूं, हूं करत होते. सोळाव्या जोडीला मात्र हूंऐवजी डायरी मिटल्याचा आवाज आला. 

“बरोबर आहे,” ते म्हणाले. 

तरी सर्व्हर अडून बसला. किल्लीची फाइल कुणालाही वाचता येईल अशी उघडी आहे, मी ती घेणार नाही, असा त्याचा हेका. यावर मात्र ताईने कुणाला विचारलं नाही. फाइल फक्त मुख्य खात्यालाच वाचता येईल अशी बंदिस्त केली, जुन्या सर्व्हरचा नेटवर्कवरचा पत्ता नव्याला दिला आणि जुन्याची वायर काढली.

पावणेअकराला पहिली डबी बोलली: चार अंश. मग दुसरी, मग एकदम सात. साहेब येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. सव्वाअकरापर्यंत एकतीस झाल्या. बत्तिसावी येईना. ताईने फोन केला, तर तिथली नर्स ओशाळून म्हणाली की फरशी पुसताना डबीची पिन निघाली होती, आत्ता लावते. दहा मिनिटांत तीही आली.

साहेबांनी विचारलं, हे कुठून शिकलात?

“बाबांकडून,” तिने सरळ सांगितलं.

संध्याकाळी तिने जेवताना सगळी हकिगत सांगितली. सासऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं. मग म्हणाले की ही किल्ली आता जुनाट झाली, आजच्या मानाने कच्ची. डब्या बोलताहेत तोवर त्यांना सर्व्हरवरूनच नवी, पक्की किल्ली शिकवून ठेवायची आणि मग सावकाश जुनी काढायची. गाडी लागत नाही की काही नाही.

“दोन महिन्यांचं काम आहे,” ते म्हणाले. “सोमवारपासून बसायचं का आपण?”

ताईने ताट बाजूला सारलं आणि लिहून घ्यायला कागद ओढला.