पाट्याची अंघोळ

अख्ख्या कॉलनीत पाटा-वरवंटा फक्त नेत्रमणी दासच्या घरी होता. बाकी सगळ्यांकडे मिक्सर. भुवनेश्वरला राहायला येताना बायका गावचे पाटे मागच्या अंगणात टाकून आल्या. नेत्रमणीने मात्र आपला गोणपाटात गुंडाळून टेंपोत घातला. "बोउ, शहरात धोंडे कशाला?" अशी आईला 'बोउ' म्हणणाऱ्या मुलाची कटकट तिने कानाआड केली. म्हणून वर्षातून एकदा, रजाच्या सणाला, कमिटीची माणसं गोड तोंड करून तिच्या दारात येत.

रजाचे तीन दिवस धरणीमाता बाजूला बसते. नांगर नाही, कुदळ नाही. बायकांनी चुलीकडे फिरकायचं नाही, झोपाळ्यावर बसून पान चघळायचं. चौथ्या दिवशी पाट्यालाच धरणी मानून हळदीची अंघोळ घालायची, शेंदूर लावायचा, नवी साडी नेसवायची. गावात याला एक हंडा पाणी पुरायचं. कॉलनीत मांडव लागतो, माईक लागतो. यंदा तर मोठा फलकही लागला होता, 'नारी सन्मान महोत्सव'. त्याखाली चौदा फोटो, त्यातले बारा मिशीवाले आणि दोन नुकतेच दाढी केलेले. सन्मान व्हायचा होता त्या बायका रजाच्या दुसऱ्याच दिवशी दोनशे पानांचं जेवण रांधत होत्या, कारण पाहुणे यायचे होते.

नेत्रमणीला या थेरांशी काही घेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता सुनेत. इतिश्रीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पदरी मूल नाही. कॉलनीतल्या बायका तिच्याशी बोलायच्या गोड, पण शुभकार्यात शेंदराचं ताट तिच्यासमोर आलं की नेमकं कुणीतरी हाक मारायचं आणि ताट पुढे सरकायचं. यंदा नेत्रमणीने सेक्रेटरी गगनबिहारी महापात्राला उंबऱ्यातच सांगितलं होतं, "पाटा माझा. न्हाऊ माझी सून घालणार. जमत नसेल तर तुमच्या मिक्सरला न्हाऊ घाला."

गगनबाबू हसले आणि कबूल झाले. दुसरा पाटा आणणार कुठून? इतिने आठ दिवस आधी हळद कुटून ठेवली, पाट्याच्या मापाची लाल काठाची साडी शिवून घेतली. नेत्रमणी बघायची, पोरगी कामं करताना गुणगुणते आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

आणि चौथ्या दिवशी सकाळीच इतिला कावळा शिवला. बरं, गप्प बसावं की नाही? पण पोरगी सरळ. तिने सेक्रेटरीच्या बायकोला, मिनतीला, फोन करून सांगून टाकलं. दहा मिनिटांत गगनबिहारी दारात.

"मावशी, आता तुम्हीच समजूतदार आहात. मिनती घालेल न्हाऊ. सुनबाई पुढच्या वर्षी."

"का? आज काय झालं तिला?"

"आता ते मी पुरुषमाणसाने कसं बोलायचं?" गगनबाबूंनी नजर चपलांकडे वळवली.

"तीन दिवस माईकवर बोलत होतात की! माता रजस्वला, माता रजस्वला. घसा बसला तुमचा. आता वाचा गेली?"

"ती माता आहे, मावशी. तिची गोष्ट निराळी. तिचं पावित्र्य आपणच जपायला नको का?"

"जपलंत ना. परवा पाहुण्यांची कमान उभी करायला चार खड्डे खणलेत. रजाच्या ऐन दुसऱ्या दिवशी. मी गच्चीवरून बघत होते. माझ्या गावचा म्हातारा दारुडा त्या दिवशी कोंबडीलाही माती उकरू देत नसे, आणि तुम्ही पहार घातलीत! तेव्हा मातेला विचारलं होतं?"

"अहो, ती कमान... मंत्रालयातून माणसं येणार होती..."

"मग घाला त्यांनाच न्हाऊ."

नेत्रमणीने चपला घातल्या आणि ती थेट मांडवात गेली. मागोमाग गगनबाबू, त्यांच्या मागे इति. पाटा आदल्या संध्याकाळीच तिथे नेऊन चौरंगावर ठेवला होता. भोवती बायका नटूनथटून बसलेल्या. मिनतीच्या हातात हळदीची वाटी, इतिने कुटलेल्या हळदीची. नेत्रमणीने वरवंटा काखेत मारला, पाट्याचं एक टोक धरलं आणि मागे वळून ओरडली, "इति! इकडे ये. दुसरं टोक धर."

इति मांडवाबाहेर झाडाखाली उभी होती, हात पदरात गुंडाळून. हलली नाही.

"बोउ, मी कशी शिवू?"

"हाताने."

"बोउ..." इतिने हात पदरातून सोडवले. मग एकदम धीटपणे म्हणाली, "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुम्हीच मला मागच्या पडवीत घोंगडीवर बसवलं होतं. चार दिवस. ताट लांबून सरकवलं होतंत. मी तेव्हापासून तसंच वागतेय."

गगनबाबूंच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू आलं. आता म्हातारी सापडली!

नेत्रमणीने आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, नवऱ्याचीही नाही. तिने पाट्यावरचा हात काढला नाही. "बसवलं होतं," ती म्हणाली. "माझ्या सासूने मला बसवलं, म्हणून मी तुला. डोकं चालवायची मला सवय नव्हती. या गगनबाबूंना आज बोलताना ऐकलं आणि आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं. शिसारी आली. आता धर ते टोक, माझी कंबर भरून यायला लागली."

इति आली. तिने आधी बोटांनी, मग दोन्ही तळव्यांनी दगड धरला. दोघी सासू-सुना पाटा उचलून, मधे दोनदा टेकत, घरापर्यंत गेल्या. कुणी मदतीला आलं नाही. शिवाशिव झाली असती ना!

मागच्या नळाखाली इतिने पाट्याला न्हाऊ घातलं. कुटलेली हळद मांडवातच राहिली होती, म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यातली घेतली. नेत्रमणी दारात पाय पसरून बसली होती. मांडवातल्या माईकवरून गगनबाबू विचारत होते, कुणाच्या घरी निदान खलबत्ता आहे का.

"शेंदूर कोण लावणार, बोउ?" इतिने विचारलं.

"मी विधवा. तू बाजूला बसलेली." नेत्रमणीने करंडा तिच्या हातातच दिला, लांबून सरकवला नाही. "दोघी मिळून लावू. धरणीला चालतंय का ते तिलाच विचार."