अकरा मिनिटं

चष्मेवाला तसा काटेकोर माणूस. दुकानात काच घासताना नंबर पाव पॉइंटने इकडचा तिकडे झाला, तर गिऱ्हाइकाच्या लक्षात येण्याआधी याचीच झोप उडायची. अशा माणसाने एकदा अकरा मिनिटं खोटी लिहिली आणि ती लिहिताना हातसुद्धा कापला नाही. हात कापायला पुढे वर्षभर वेळ मिळाला.

हे घडलं सहाशे किलोमीटरच्या सायकल फेरीत, आणि ती फेरी म्हणजे शर्यत नव्हे. पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही. चाळीस तासांत परत आलात की झालं. प्रत्येकाकडे घडीचं एक कार्ड असतं. वाटेत ठरावीक ठिकाणी टेबल मांडून कुणीतरी बसलेलं असतं, त्या जागेला कंट्रोल म्हणायचं. तिथे कार्डावर वेळ लिहून घ्यायची, शिक्का मारून घ्यायचा. प्रत्येक कंट्रोलची बंद व्हायची वेळ ठरलेली. एक मिनिट उशीर झाला तर तिथेच संपलं, सायकल बसमध्ये टाका आणि घरी जा. फेरी भरवणाऱ्या क्लबचे काका, ज्यांना सगळे मागून नियमकाका म्हणायचे, ते सांगायचे, "अरे, सहाशे किलोमीटर पाय चालवतात, पण माणसाला घरी आणतं ते घड्याळ." हे वाक्य दर वर्षी ऐकून पोरं हसायची. चष्मेवालाही हसायचा.

गेल्या वर्षी साडेचारशेव्या किलोमीटरचं कंट्रोल चष्मेवाल्याकडे होतं. पेट्रोल पंपामागची एक खोली, एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, केळ्यांचा घड आणि पाण्याचा जार. बंद व्हायची वेळ दुपारी बारा. बाराला पाच कमी असताना त्याने रस्त्यावर येऊन बघितलं. इंजिनचा पत्ता नव्हता.

इंजिन म्हणजे त्याचा वीस वर्षांचा दोस्त. कारखान्यात लेथवर कामाला. चढावर त्याचा श्वास असा वाजायचा की पुढची माणसं आपोआप बाजू द्यायची, म्हणून इंजिन. दोनदा सहाशेला बसला होता, दोन्ही वेळा अर्ध्यातून परत. या वेळी बायकोला सांगून आला होता, की आता मेडल घेतल्याशिवाय सायकलला हात लावणार नाही म्हणजे नाही. या बोलण्यात काही तर्क नव्हता, पण इंजिनचं सगळं बोलणं असंच असायचं.

तो आला तेव्हा घड्याळात बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. डोळे लालबुंद. रात्रभर पाठ टेकली नव्हती. कार्ड पुढे करून म्हणाला, "चष्म्या, लिही ना रे. सहा मिनिटांनी कुणाचं काय जातं?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चष्मेवाल्याने पेन उचललं. ११:५९ लिहिलं तर काकांना वास येईल, म्हणून ११:५५ लिहिलं. खोटं बोलण्यातसुद्धा बेटा काटेकोर.

"आता अर्धा तास आडवा हो," तो म्हणाला.

"वेडा का तू?" इंजिन केळं सोलत म्हणाला. "एवढ्या मेहनतीने वेळ दिलीस, ती झोपून घालवू?"

आणि गेला. चाळीस किलोमीटर पुढे एक लांबलचक उतार आहे. दुपारी दोनच्या लख्ख उन्हात तिथे रस्त्याकडेला एक मालट्रक उभा होता, मैलभरावरून दिसेल असा. इंजिनला तो दिसला नाही, कारण इंजिन सायकलवर झोपला होता. ब्रेक लावल्याची खूण रस्त्यावर नव्हती.

काकांनी कार्ड बघितलं. सगळे शिक्के जागच्या जागी. "आला तेव्हा कसा होता?" त्यांनी विचारलं. "दमलेला होता," चष्मेवाला म्हणाला, आणि पुढचं गिळून बसला. काकांनी नवा नियम केला, की साडेचारशेच्या आधी प्रत्येकाने तासभर तरी झोपलंच पाहिजे. बैल गेला नि झोपा केला.

इंजिन गेल्यावर ते कार्ड त्याच्या बायकोकडे, वहिनींकडे गेलं. वहिनी पोस्टात खिडकीवर कामाला, पंचवीस वर्षं शिक्के मारत आलेल्या. त्यांनी ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काढून दाखवायच्या. "बघा, पाच मिनिटं आधी पोचले होते. नशिबात नव्हतं, दुसरं काय. पण शेवटपर्यंत वेळेत होते." चष्मेवाला समोर बसून चहा प्यायचा. त्याला स्वतःची किळस यायची. दर वेळी घरून ठरवून निघायचा की आज सांगायचं, आणि दर वेळी सिलिंडरचा नंबर लावून देऊन नाहीतर बल्ब बदलून देऊन परत यायचा.

शेवटी त्याने एक युक्ती काढली. या वर्षी आपण सहाशे पूर्ण करायचं, मेडल वहिनींच्या हातात ठेवायचं आणि मग सांगायचं. आधी मेडल, मग सत्य. मेडल हातात असलं की सत्य जरा हलकं लागेल, असा हिशोब. भित्र्या माणसाला सबबी काय, ढिगाने सुचतात. पण ही सबब तरी सहाशे किलोमीटर लांब होती.

निघायच्या दिवशी पहाटे काका कार्डं वाटत होते. त्याच्या हातात कार्ड देऊन म्हणाले, "साडेचारशेला यंदा तुझ्या वहिनी आहेत बरं का. आपणहून मागून घेतलं. म्हणाल्या, माझे हे जिथे शेवटचे बसले, तिथे मला बसू दे."

चष्मेवाल्याने कार्ड घडी करून खिशात घातलं. सहा वाजले, सगळे निघाले, म्हणून तोही निघाला.

पहिला दिवस समोरच्या वाऱ्याने खाल्ला. दोनशेला गुडघा बोलायला लागला, तीनशेला हाताची बोटं बधिर झाली, शर्टाचं बटण लागेना. रात्र तशीच गेली, तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्याच्या डोक्यात मेडल नव्हतं की घर नव्हतं. फक्त ते टेबल होतं आणि टेबलामागची बाई.

सकाळी सातला चारशे किलोमीटर झाले. पुढचे पन्नास आणि हातात पाच तास, म्हणजे आरामाचं गणित. आणि बसथांब्याच्या बाकावर तो नियमाप्रमाणे आडवा झाला. नियमाखातर म्हणा, इंजिनखातर म्हणा. तासाभराचा गजर लावला, फोन छातीवर ठेवला. फोनने मध्येच मान टाकली. एका म्हातारबाबांनी काठीने बुटाला ढोसून उठवलं तेव्हा पावणेनऊ झाले होते.

"घरून भांडून आलात का?" म्हातारबाबांनी विचारलं.

मग तो सुटला. दहा किलोमीटरवर मागचं चाक बसलं. बधिर बोटांनी ट्यूब बदलायला पंचवीस मिनिटं लागली. पुन्हा वारा. पुढे तेच चाक पुन्हा बसलं, तेव्हा तो रस्त्याकडेला उकिडवा बसून रडला. पंक्चर काढता काढताच रडला, कारण वेगळं रडायला वेळ नव्हता. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये त्याने काय केलं ते त्यालाच ठाऊक. इंजिनसारखा श्वास वाजत होता.

पंपामागच्या खोलीत शिरला आणि पहिली नजर भिंतीवर गेली. बारा वाजून चार मिनिटं.

खोली तीच होती. टेबल, जार, केळी. वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. चष्मा कपाळावर, हाताला शाई.

"या भावजी, या. बसा आधी. साडेअकरापासून रस्त्याकडे डोळे लावून बसलेय. पाणी प्या."

त्याने पाणी प्यायलं. अर्धं शर्टावर सांडलं.

"द्या ते कार्ड."

"वहिनी, चार मिनिटं वर झालीत."

"दिसतंय मला. घड्याळ वाचता येतं." त्यांनी कार्ड ओढून घेतलं, घडी उघडली. मग दाराकडे एकदा बघितलं. बाहेर एक गाडी पेट्रोल भरत होती, बाकी कुणी नव्हतं. आवाज खाली करून म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत एका पाकिटाची तारीख मागे घेतली नाही मी. साहेबांनी सांगितलं तरी घेतली नाही. आज घेते. तुम्ही ह्यांच्यासाठी निघालात ना? मग पुरं करा. ह्यांना नाही जमलं, तुम्ही करा."

"नको वहिनी."

"अहो, कोण बघतंय? दीडशेच तर राहिलेत." त्यांनी चष्मा खाली घेतला, पेनाचं टोपण काढलं. "चार मिनिटांनी कुणाचं काय जातं?"

चष्मेवाला त्यांच्या हाताकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर त्याला मोह झाला. चांगलाच झाला. अजून दीडशे किलोमीटर, मग मेडल, मग सांगायचं. किंवा सांगायचंही नाही. ही बाई स्वतःच्या हाताने तेच लिहील, जे त्याने लिहिलं होतं, म्हणजे मग दोघं सारखे. असा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्या विचाराचीच त्याला भीती वाटली.

पेन कागदाला लागलं. वहिनींनी ठळक अक्षरात ११ लिहिलं.

त्याने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"जातं, वहिनी. माणूस जातो."

"काय?"

"इंजिन बारा वाजून सहा मिनिटांनी आला होता. याच दारातून. अकरा पंचावन्न मी लिहिलं."

बाहेरची गाडी निघून गेली. घड्याळाचा काटा टकटक करत होता. वहिनींनी मनगट सोडवून घेतलं नाही, तोही हात काढून घ्यायचं विसरला.

मग त्या म्हणाल्या, "सहाच? की साधारण सहा?"

"सहाच."

"म्हणजे कंट्रोल बंद झालं होतं."

"हो."

"तुम्ही लिहिलं नसतं तर पुढे जाता आलं नसतं."

"नाही. इथेच झोपला असता. तिथे, त्या भिंतीशी. मग तीनची बस असते."

"तीनची." वहिनींनी मान हलवली. खिडकीवर कुणी चुकीचा फॉर्म दिला की हलवत असतील तशीच. "आठपर्यंत तो घरी आला असता. चिडलेला असता. दोन दिवस धड बोलला नसता कुणाशी."

त्या आजवर नवऱ्याला 'हे', 'ते' म्हणत आल्या होत्या. आता 'तो' म्हणाल्या, आणि चष्मेवाल्याला वाटलं, त्यांनी आपल्याला एक सणसणीत ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

"मी सांगणार होतो, वहिनी. मेडल आणून..."

"मेडल काय करू मी?"



त्यांनी पर्स उघडली. प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यातून ते कार्ड काढलं. घडीवर झिजून मऊ पडलं होतं. टेबलावर सपाट करून त्याच्यापुढे सरकवलं आणि पेन त्यावर ठेवलं.

"दुरुस्त करा."

"वहिनी..."

"वर्षभर लोकांना दाखवत फिरले मी हे. माझ्या पोरीने वर्गात नेऊन दाखवलं. दुरुस्त करा."

त्याने ११:५५ वर रेघ मारली. शेजारी १२:०६ लिहिलं. हात इतका कापत होता की सहाचा आकडा वेडावाकडा आला.

"सही करा," वहिनी म्हणाल्या. "खाडाखोड केली की आमच्याकडे सही लागते."

त्याने सही केली. मग वहिनींनी त्याचं कार्ड घेतलं. स्वतःच लिहिलेल्या ११ वर रेघ मारली, १२:०४ लिहिलं, शेजारी सही केली. शिक्का उचलला नाही. शाईच्या पॅडचं झाकण लावलं.

"कंट्रोल बंद आहे," त्या म्हणाल्या. आवाज पोस्टाच्या खिडकीतला होता. "त्या भिंतीशी पाठ टेकवा हवं तर. तीनची बस मिळेल तुम्हाला."

तो भिंतीशी जाऊन बसला. वहिनींनी केळी पिशवीत भरली, जार कोपऱ्यात सरकवला, दोन खुर्च्या एकात एक घातल्या. नवऱ्याचं कार्ड मात्र तिथेच टेबलावर उघडं पडू दिलं. जाताना उचललं, पण प्लास्टिकच्या पाकिटात घातलं नाही. पाकीट केळ्यांच्या सालींबरोबर डब्यात टाकलं. दारातून बाहेर पडताना त्या त्याच्याकडे बघतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी बघितलं नाही.

झोप त्याला आली नाही. पावणेतीनला तो उठून सायकल ढकलत थांब्यावर गेला. बस तीनच्या ठोक्याला आली. कंडक्टरने उतरून मागची डिकी उघडून दिली. चष्मेवाल्याने सायकल आत आडवी केली आणि क्षणभर तसाच वाकून उभा राहिला.

"काय झालं? जागा नाही का?" कंडक्टरने विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "अजून एक बसेल."