टेकडीआडचा निरोप

चौकशीचा कागद वायरलेस दुरुस्त करणाऱ्या बाईच्या टेबलावर आला. त्यात लिहिलं होतं, ‘पहारेकरी झोपला होता. यंत्रे उत्तम होती.’ खाली फक्त तिची सही हवी होती.

झोपला होता म्हणे! पहारेकरी तिचा सख्खा मामा. धरणाखाली, नदीच्या वळणावर टेकडीआड त्याची चौकी. दरवाजे उघडण्याआधी वरून वायरलेसवर निरोप यायचा, मग तो पात्रातल्या माणसांना हाका मारून काठावर आणायचा. परवा निरोप आलाच नाही, आलं ते थेट पाणी. कपडे धुणाऱ्या एका बाईला ओढून काढताना मामाचा पाय मोडला. झोपलेला माणूस पुरात उडी मारतो होय? आता त्याची नोकरी जाणार होती, वर अब्रूही.

खरं तर घोळ ऑफिसच्या साहेबांचा होता; जुने वायरलेस सेट काढून नवे त्यांनीच घेतले होते. जुने सेट कमी फ्रिक्वेन्सीचे. त्यांच्या लांब लाटा टेकडीला वळसा घालून कशाबशा का होईना, पलीकडे पोचायच्या. नव्या सेटची फ्रिक्वेन्सी कैक पटींनी जास्त. लाटा आखूड, नाकासमोर जाणाऱ्या. टेकडी आडवी आली की खेळ खलास. हे तिने खरेदीआधीच कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. “आकडा मोठा तेवढं यंत्र भारी,” म्हणाले साहेब. उचलली जीभ, लावली टाळ्याला! आणि चाचणी कुठे घेतली, तर ऑफिसच्या गच्चीवरून फाटकापर्यंत.

कागद उचलून ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली.

“सही करते, साहेब. आधी एक चाचणी घेऊ. आज दुपारी दरवाजे उघडायचेत. नवा सेट घेऊन तुम्ही वळणावर पात्रात उभे राहा. मी वरून निरोप देते. ऐकू आला की काठावर या.”

“अहो, आणि नाही आला तर?” साहेबांच्या तोंडून निसटलं.

टेबलाशी फायली लावणारा कारकून जागच्या जागी थांबला.

“ते मामाला विचारा,” ती म्हणाली. “त्याला तुम्ही तिथेच उभं केलं होतंत.”

साहेबांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला. तिने तो दिला नाही.