उतारावर न लागलेला ब्रेक

मी एक जुनी सायकल आहे आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मी भित्री आहे. माझ्या जातीच्या सायकलींना चिखलात शर्यत खेळावी लागते. तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. गवतातून, वाळूतून, घोटाभर चिखलातून मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि वाटेत आडव्या फळ्या आल्या की स्वाराने उतरायचं, मला खांद्यावर टाकायचं आणि पळत सुटायचं. अशा खेळासाठी भित्रीला कोणी घडवलं, ते तो कारखानाच जाणे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी गर्द निळी होते. माझ्या पहिल्या मालकाने मला दोन वर्षं मिरवलं आणि मग गॅलरीत जुन्या चादरीखाली टाकून दिलं. तिथे मला गंज चढू लागला होता. मग माझी आताची मालकीण आली. ती दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर बारीक काम करून तिची मान आखडते आणि शनिवार-रविवार ती मला घेऊन चिखलात उतरते. तिने माझा एकेक भाग सुटा करून घासला. माझं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

तिचा नवरा शाळेची बस चालवतो. माणूस सज्जन, पण माझ्यावर त्याचा राग. मागच्या वर्षी आम्ही दोघी उतारावर पडलो आणि तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. दोन महिने तो तिची वेणी घालत होता. तेव्हापासून त्याने मला बोटही लावलं नव्हतं. "पुन्हा पडलीस तर ही घरात राहणार नाही," असं त्याने तिला बजावलं होतं. माझी भीती तेव्हापासून दुप्पट झाली आहे.

गेल्या शनिवारी शर्यतीत आमची दैना झाली. चिखल असा काही चिकटला की माझी चाकं फिरेनात. गवत गिअरमध्ये गुंडाळलं गेलं, साखळी तीनदा उतरली. निम्मी शर्यत तिने मला खांद्यावर वाहिलं. कुंपणाशी तिचा नवरा उभा होता. तिचं ते धापा टाकणं त्याला बघवेना. दुरुस्तीच्या तंबूत एक म्हातारा मेकॅनिक होता, त्यांना सगळे पानाकाका म्हणत. त्यांनी माझा गिअर सरळ केला आणि नवऱ्याला म्हणाले, "सांगाड्याला थोडं तेल मारत जा, म्हणजे चिखल धरत नाही." सल्ला बरोबरच होता. तो फक्त सांगाड्यापुरता होता, एवढंच.

संध्याकाळी मालकीण दमून झोपली. तेव्हा तो माझ्याजवळ आला. त्याच्या हातात तेलाच्या फवाऱ्याचा डबा होता. बसच्या दाराच्या बिजागऱ्यांना तो हेच तेल मारतो. सांगाड्यावर त्याने मन लावून फवारा मारला आणि फडक्याने पुसला. मला गुदगुल्या झाल्या, बरंही वाटलं. मग तो माझ्या चाकांकडे वळला. माझ्या चाकांच्या मधोमध पोलादी चकत्या आहेत. ब्रेक दाबला की त्यांना दोन्ही बाजूंनी पकड बसते आणि मी थांबते. पण त्याच्या बसचे ब्रेक आत झाकलेले. ही भोकाभोकांची चकती त्याला शोभेची वाटली. तिच्यावर त्याने दोनदा तेल मारलं आणि चकाचक झाली म्हणून तो स्वतःशीच हसला. तेल पकडीच्या पॅडमध्ये मुरत गेलं. माझा जीव अर्धा झाला, पण मला तोंड कुठे आहे?

रविवारी आम्हाला उशीर झाला. शर्यतीआधी एक फेरी मारून मैदान बघायचं असतं, ती राहिली. मला हाताने ढकलत ती धावतच रांगेत जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली. सुरुवातीला सपाटी होती, मग चढ. ती खुशीत होती, चिखल खरंच चिकटत नव्हता. ती एकेकाला मागे टाकत होती आणि मी मनात म्हणत होते, बाई, एकदा ब्रेक दाबून बघ, एकदाच.

तिने तो उताराच्या तोंडाशी दाबला. काहीच झालं नाही. तिने दोन्ही मुठी आवळल्या, तरी मी नुसती घरघरले आणि जास्तच वेगाने सुटले. खाली वळण होतं आणि वळणावर दोरी बांधलेले लोखंडी खांब. त्यातला एक खांब सरळ आमच्याकडे येत होता. तिने पाय टेकवला, तो घसरला. मग तिने स्वतःला बाजूच्या गवतात झोकून दिलं, पण मला सोडलं नाही. फरफटत आम्ही थांबलो तेव्हा खांब माझ्या चाकापासून वीतभर लांब होता.

तिने चकतीवर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. तो वास ती ओळखत होती. रोज संध्याकाळी तो तिच्या नवऱ्याच्या हातांना येतो. पुढच्या प्रत्येक फेरीत ती उतारावर मला खांद्यावर घेऊन चालत उतरली. आमचा नंबर शेवटचा आला. नवरा पलीकडे शेवटच्या रेषेपाशी होता, त्याला यातलं काही दिसलं नव्हतं.

"चिखल बघ, नावाला नाही," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

घरी आल्यावर त्याने मला धुतलं, पुसलं आणि पुन्हा तो डबा काढला. "आता दर शनिवारी हे काम माझं," तो तिला म्हणाला. डब्याची नळी माझ्या चकतीकडे वळली. उतारावर वाटली नव्हती इतकी भीती मला त्या क्षणी वाटली. ती दारात उभी होती. तिचे ओठ हलले आणि मिटले.

मग ती खाली बसली आणि तिने त्याचा हात धरला. "अहो, हा ब्रेक आहे. याला तेल लागलं की तो लागत नाही. आज उतारावर लागला नाही."

डबा त्याच्या हातातून गळाला.

"मग दुपारी का बोलली नाहीस?" त्याने विचारलं.

"मी पडले त्यानंतर तुम्ही पहिल्यांदाच तिला हात लावला होतात."

त्याने चकत्या स्पिरिटने पुसल्या, तिने नवे पॅड बसवले. मग स्वतः ब्रेक दाबून तो मला पुढे ढकलत राहिला, पुन्हा पुन्हा, आणि मी जागची हलले नाही. तेव्हा कुठे तो रडला.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. कोणाच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारा. आणि कोणी प्रेमाने चूक केली, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.